गाळलेली अवतारिका : तंजावूरच्या राजवाड्यातील एक ‘स्व’

मराठी काव्यसमीक्षेने एक समजूत गेली शंभर वर्षे निष्ठेने जपली आहे. कवितेत ‘व्यक्ती’ अवतरली ती केशवसुतांबरोबर, म्हणजे १८८५ च्या सुमारास. तत्पूर्वीची कविता संतांची असेल तर ईश्वरार्पित, पंडितांची असेल तर पोथीनिष्ठ आणि शाहिरांची असेल तर फडासाठी व आश्रयदात्यासाठी रचलेली. तिच्यात कवीचे स्वतःचे असे काही नव्हते, असे ही समजूत सांगते. इंग्रजी काव्याचा परिचय झाला आणि मराठी कवीला ‘मी’ म्हणण्याचे धैर्य आले, हा सिद्धान्त पाठ्यपुस्तकांतून प्रबंधांत आणि प्रबंधांतून पुन्हा पाठ्यपुस्तकांत असा फिरत राहिला आहे. केशवसुतांचे श्रेय मोठे आहे व ते कोणी हिरावून घेऊ नये. परंतु एका कवीचे श्रेय सिद्ध करण्यासाठी मागच्या सहा शतकांतील सर्व कवींना निनावी ठरवण्याची आवश्यकता नव्हती.

या जुन्या समजुतीला अलीकडे एक नवी समजूत येऊन मिळाली आहे. ‘आत्मस्वीकार’ हा शब्द सध्या सर्वत्र ऐकू येतो. स्वतःवर प्रेम करावे, आहोत तसे स्वतःला स्वीकारावे, इतरांच्या मताची पर्वा करू नये, असा उपदेश कवितेच्या रूपाने विपुल प्रमाणात लिहिला व वाचला जातो. अशा कवितेतील ‘मी’ला आई नसते, गाव नसते, जात नसते, धंदा नसतो आणि कोणाचे ऋणही नसते. तो आरशासमोर एकटा उभा असतो आणि आरशातील प्रतिमेला शाबासकी देत असतो. जुन्या समजुतीने ‘स्व’ला परदेशातून आणले, नव्या समजुतीने त्याला निराधार केले. दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे : परंपरा आणि व्यक्ती या परस्परविरोधी गोष्टी असून एकीतून बाहेर पडल्याखेरीज दुसरी हाती लागत नाही.

हे गृहीत खोटे आहे, हे पाहण्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. तंजावूरच्या राजवाड्यापर्यंत गेले तरी पुरे. नायक राजांनी उभारलेला आणि भोसल्यांनी वाढवलेला हा वाडा मराठी वाङ्मयाच्या इतिहासात परिशिष्टापुरता उरला आहे. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावूर घेतले. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि ते राज्य कंपनी सरकारने बुडवले. या सुमारे एकशेऐंशी वर्षांविषयी मराठी वाचकाला बहुधा तीन गोष्टी ठाऊक असतात : सरस्वती महाल ग्रंथालय, दुसऱ्या सरफोजीराजांची विद्वत्ता, आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख. तिन्ही गोष्टी अभिमानास्पद आहेत. पण अभिमानाची नजर फक्त आपल्या घराण्याचे नाव शोधते. त्याच वाड्यात इतर भाषांमधून काय बोलले गेले, हे तिला ऐकू येत नाही.

प्रतापसिंहराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७३९ ते १७६३ या काळात, या दरबारात मुद्दुपळनी नावाची एक गणिका होती. ती तेलुगू आणि संस्कृत जाणणारी, संगीत व नृत्यात निष्णात आणि कवयित्री होती. ‘राधिकासांत्वनमु’ हे तिचे तेलुगू शृंगारकाव्य चार भागांचे असून त्यात ५८४ पद्ये आहेत. शुकमुनी जनकराजाला कथा सांगतात, अशी त्याची योजना आहे. राधेने इळा नावाच्या मुलीला लहानाची मोठी केले आहे. तीच तिला नटवून, समजावून कृष्णाच्या हवाली करते, आणि त्यानंतर मत्सराने व विरहाने जळू लागते. आपण केलेल्या त्यागाचा तिला पश्चात्ताप होतो. कृष्णाने येऊन तिची समजूत घालावी लागते, म्हणून काव्याचे नाव ‘सांत्वन’. वयाने मोठी असलेली, इच्छा सोडून न दिलेली आणि ती बोलून दाखवणारी ही राधा आहे. जयदेवापासून चालत आलेल्या परंपरेत कृष्णाने राधेचा अनुनय करणे नवे नव्हते. मत्सर, वय आणि वासना यांपैकी काहीही न लपवता स्त्रीच्या बाजूने अखेरपर्यंत सांगितलेली कथा मात्र नवी होती.

तरीही या ग्रंथाची खरी कसोटी त्याच्या कथेत नाही. ती अवतारिकेत, म्हणजे आरंभीच्या प्रास्ताविक पद्यांत आहे. कवीच्या आणि आश्रयदात्याच्या कुळाचे वर्णन ग्रंथारंभी करण्याचा तेलुगू प्रबंधांचा जुना संकेत आहे. कवीचे कूळ म्हणजे पिता, पितामह, गोत्र, सूत्र. गणिकेने या रकान्यात काय लिहावे? मुद्दुपळनी संकेत मोडत नाही आणि तो गाळून पुढेही जात नाही. ती तो आपल्या घरातील स्त्रियांनी भरते. आजी तंजनायकीचे नाव ती घेते, घरातील कवित्वाचा वारसा सांगते. आपण विद्वानांचा सन्मान केला, आपल्याला ग्रंथ अर्पण झाले, आपल्यासारख्या स्त्रियांत असे भाग्य आणि अशी योग्यता आणखी कोणाची, अशा आशयाचे पद्य ती लिहिते आणि त्यात स्वतःलाच नावाने संबोधते. राजाला शोभणारी दातृत्वाची भाषा आणि पंडिताला शोभणारी अधिकाराची भाषा ती निःसंकोच आपल्याकडे घेते.

येथे समीक्षकाने थांबून विचार करावयास हवा. ही आत्मस्तुती आहे, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. परंतु आत्मस्तुती तर भवभूतीनेही केली आहे आणि जगन्नाथ पंडितानेही. त्यांच्या बाबतीत तिला ‘कविप्रौढी’ असे गौरवाचे नाव मिळाले. मुद्दुपळनीच्या पद्यात प्रौढीहून अधिक काही आहे. ‘आपल्यासारख्या स्त्रियांत’ ही मर्यादा ती स्वतःच घालून घेते. आपण कोण आहोत, कोणत्या समाजातील आहोत, हे ती झाकत नाही. कुलस्त्री असल्याचे सोंग नाही, वैराग्याचा आव नाही, जन्माबद्दल क्षमायाचना नाही. ज्या घरात जन्म झाला त्या घराचे ऋण आणि जी विद्या कमावली तिचा अधिकार, ही दोन्ही ती एकाच श्वासात उच्चारते. आत्मस्वीकाराला काही अर्थ असेल तर तो हाच. ऋण झाकून अधिकार सांगितला की अहंकार होतो, आणि अधिकार सोडून नुसते ऋण सांगितले की दैन्य. दोन्ही एकत्र सांगण्यासाठी जी ताकद लागते तिला व्यक्तिमत्त्व म्हणावे.

या विवेचनावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, दरबाराच्या आश्रयाने लिहिलेल्या कवितेत स्वातंत्र्य कसले? तंजावूरच्याच भूमीवरून या आक्षेपाला पुरावाही दिला जातो. सरफोजीराजांचे आमंत्रण त्यागराजांनी नाकारल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. राजाला नकार देणारा तो स्वतंत्र, आणि राजाकडून मान घेणारा तो मिंधा, असा हिशेब तिच्या आधारे मांडला जातो. त्यागराजांची थोरवी वादातीत आहे. पण नकार देण्यासाठीही उभे राहावयास जागा लागते. त्यागराजांना कूळ होते, गुरुपरंपरा होती, स्वतःचे घर होते. गणिकेच्या मुलीला विद्येपर्यंत नेणारी वाट दरबारातूनच जात होती. त्या वाटेवर पूर्वी इतर स्त्रियाही चालल्या होत्या. रघुनाथ नायकाच्या काळची रामभद्रांबा आणि विजयराघव नायकाच्या काळची रंगाजम्मा यांचे ग्रंथ याच दरबारात निर्माण झाले. दरबार हे त्यांचे बंधन होते आणि त्यांचे विद्यापीठही होते. बंधनात राहून आपले नाव उच्चारणे हे बंधनाबाहेर राहून उच्चारण्यापेक्षा सोपे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या विद्यापीठांतील नोकऱ्यांचा विचार करून पाहावा.

दुसरा आक्षेप अश्लीलतेचा. तो नवा नाही आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे. आंध्रातील थोर सुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी, विधवाविवाहासाठी झटणाऱ्या या पुरुषाने, मुद्दुपळनीच्या काव्याचा तीव्र निषेध केला. स्त्रीने ऐकू नये असे शब्द एका स्त्रीने लिहावेत, याचा त्यांना संताप होता. त्यांना उत्तर देण्यास बंगळूर नागरत्नम्मा पुढे आल्या. त्या स्वतः देवदासी समाजातील विख्यात गायिका. मुद्रित स्वरूपात जे ‘राधिकासांत्वनमु’ उपलब्ध होते त्यातून अवतारिका आणि काही पद्ये गाळली गेली होती. नागरत्नम्मांनी हस्तलिखित मिळवून संपूर्ण ग्रंथ सिद्ध केला आणि १९१० साली मद्रासच्या वाविळ्ल प्रकाशनाकडून तो प्रसिद्ध करवला. लज्जा हा गुण फक्त स्त्रियांनीच बाळगावयाचा आहे काय, पुरुष कवींनी तेच लिहिले तर ते का चालते, अशा आशयाचा रोखठोक प्रश्न त्यांनी विचारला. हा ग्रंथ एका स्त्रीने, तीही आपल्याच समाजात जन्मलेल्या स्त्रीने लिहिला, म्हणून आपल्याला त्याचे अगत्य आहे, हेही त्यांनी लपवले नाही. १९११ साली सरकारने ग्रंथाच्या प्रती जप्त केल्या. पुढे टंगुटुरी प्रकाशम यांच्या प्रयत्नाने बंदी उठली आणि १९५२ साली ग्रंथ पुन्हा छापला गेला. त्याच वर्षी नागरत्नम्मा वारल्या.

या हकिकतीतील एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. शृंगारिक पद्ये गाळणे समजू शकते. भित्र्या संपादकाला शृंगाराची भीती वाटते. पण अवतारिकेत शृंगार कोठे होता? तिच्यात एका स्त्रीने आपल्या आजीचे नाव घेतले होते आणि आपल्या योग्यतेचा उल्लेख केला होता. तीही गळाली, यावरून भीती कशाची होती हे उघड होते. राधेची वासना एक वेळ भक्तीचे रूपक म्हणून खपवता आली असती. मुद्दुपळनीचा स्वाभिमान कोणत्याही रूपकात बसत नव्हता. म्हणून राधा ठेवली आणि कवयित्री काढून टाकली. हाच न्याय पुढे साऱ्या प्राचीन कवितेला लावला गेला. आधी कवीचा ‘स्व’ पुसावयाचा आणि नंतर त्या काळी ‘स्व’ नव्हताच, असा निष्कर्ष काढावयाचा, ही ती पद्धती.

तिसरा आक्षेप सर्वांत मराठी आहे. मुद्दुपळनी तेलुगू कवयित्री. तिच्याशी मराठी समीक्षेचे काय देणेघेणे? हा प्रश्न विचारणाऱ्यांना तंजावूरचा दरबार कळलेला नाही. शहाजीराजांनी, म्हणजे १६८४ ते १७१२ या काळात राज्य केलेल्या व्यंकोजीपुत्राने, मराठीत ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ लिहिले. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील ‘सीतास्वयंवरा’च्या दीडशे वर्षे आधीचे मराठी नाटक म्हणून आपण त्याचा अभिमानाने उल्लेख करतो. पण त्याच शहाजीने तेलुगूत ‘पल्लकीसेवाप्रबंधमु’ लिहिले, तिरुवारूरच्या त्यागेशाच्या मुद्रेने पदे रचली आणि ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी या पाच भाषा वेगवेगळ्या पात्रांच्या मुखी घातल्या. प्रत्येक पात्र आपापल्या भाषेत बोलते आणि कोणालाही आपली भाषा सोडावी लागत नाही. पाच भाषांनी भरलेल्या त्या दरबारात प्रतापसिंहांच्या नावावर मराठी नाटके आहेत आणि त्यांच्याच आश्रयाने मुद्दुपळनीचे तेलुगू काव्य आहे. यांतील एक आपले आणि दुसरे परके, ही वाटणी पुण्यात बसून केलेली आहे. तंजावुरात ती कोणी केली नव्हती.

या वाटणीची किंमत आजही कोणी तरी मोजत आहे. तंजावूरच्या मराठी भाषकांची बोली तमिळच्या सहवासात घडली. तिचे उच्चार आणि वाक्यरचना वेगळ्या आहेत. महाराष्ट्रातील पाहुणा ती ऐकून हसतो, क्वचित कौतुकाने, बहुधा वरचढपणाने. आणि ती बोलणारा माणूस ‘आमचे मराठी शुद्ध नाही’ असे म्हणून आधीच माफी मागून मोकळा होतो. तीनशे वर्षांहून अधिक काळ परमुलखात जी भाषा घरात टिकवली, तिच्याबद्दल माफी का मागावी लागते? ज्या दरबाराने पाच भाषांना एका रंगभूमीवर मानाने उभे केले, त्याच्या वारसांना आपल्या बोलीची लाज वाटावी, यात दोष त्या वारसांचा नाही. प्रमाण मराठीला एकाच साच्यात ओतणाऱ्या आणि त्या साच्याबाहेरच्या प्रत्येक रूपाला अपभ्रष्ट ठरवणाऱ्या दृष्टीचा तो दोष आहे. ही दृष्टी आणि अवतारिका गाळणारी कात्री एकाच हाताची आहेत.

तंजावुराहून महाराष्ट्राकडे वळले तरी चित्र वेगळे नाही. मुद्दुपळनीला दरबार होता, वारकरी कवयित्रींना तोही नव्हता. पण नाव घेण्याचा प्रश्न तोच होता. जनाबाई स्वतःला नामयाची जनी म्हणवते, सोयराबाई चोखोबाचे आणि आपल्या जातीचे नाव घेऊन अभंग संपवते. समीक्षेने या मुद्रांना नम्रतेचा संकेत मानले. पण सोयराबाई देहाच्या विटाळाविषयी देवाला जाब विचारते आणि त्याच अभंगवाणीत जातीचे नाव आपल्या सहीत ठेवते. लपवण्यासारखे जे आहे असे जगाला वाटते, तेच ती ओळख म्हणून पुढे करते. शिऊरच्या बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग याहून स्पष्ट आहेत. वैदिक ब्राह्मणाची पत्नी, तुकोबांना स्वप्नात गुरू करते, म्हणून पतीचा मार खाते. स्त्रीजन्मामुळे आपल्याला वेदाचा अधिकार नाही, याची खंत ती सांगते, पतिधर्माशी झालेली ओढाताणही सांगते. शेवटी दोहोंपैकी काहीच न टाकता दोहोंसह जगण्याचा निर्णय घेते. सतराव्या शतकातील ही स्त्री स्वतःच्या आयुष्याचा वृत्तान्त क्रमाने मांडते. तिची गाथा १९१३ साली छापली गेली, म्हणजे आजच्या अभ्यासकांपुढे ती शंभराहून अधिक वर्षे उघडी आहे. तरीही ‘व्यक्ती’चा जन्म १८८५ मध्येच होत राहतो.

बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने आली तीही १९५२ सालीच. त्या वर्षाचा हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे : तेलुगूत एक कवयित्री बंदीतून सुटत होती आणि मराठीत दुसरी निनावीपणातून. पुढे १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा भल्याभल्यांना धक्का बसला तो शिव्यांचा. खरे तर ढसाळ तेच करीत होते जे मुद्दुपळनीने राजवाड्यात बसून केले होते. ज्या वस्तीचे नाव सभ्य घरात उच्चारत नसत ते नाव त्यांनी मुखपृष्ठावर घातले. ही परंपरा समीक्षेला दिसली असती तर ‘गोलपिठा’ आकाशातून पडला, असे कोणाला वाटले नसते.

आता आजच्या आत्मस्वीकाराच्या कवितेकडे. तिचा हेतू चांगला आहे हे मान्य करावे. ज्या मुलीला रंगावरून, अंगलटीवरून, बोलीवरून हिणवले जाते तिला ‘तू आहेस तशी ठीक आहेस’ हे शब्द धीर देतात. त्या धीराची टवाळी करणारा समीक्षक कठोर नसतो, निर्बुद्ध असतो. पण कवितेने तेथेच थांबू नये. ‘आहे तशी’ म्हणजे कशी, हे सांगणे तिचे काम आहे. कोणाच्या हातांनी वाढलेली, कोणत्या बोलीत रडलेली, कोणाकडून काय शिकलेली, कोणाला काय द्यायचे राहिलेली? हे तपशील आले की स्वीकाराला वजन येते, कारण मग नाकारण्यासारखेही काहीतरी समोर असते. मुद्दुपळनीची राधा स्वतःवर खूश नाही. ती मत्सरी आहे, चुकलेली आहे, रडते आहे. तिचा स्वीकार हा समाधानाचा हुंकार नाही. आपल्या वासनेला आणि आपल्या चुकीला दुसऱ्या कोणाचे नाव न देणे, एवढाच तो आहे. आणि तो अवघड आहे.

मराठी समीक्षेने म्हणून दोन कामे करावीत. प्राचीन कवितेतील नाममुद्रा, आत्मपर अभंग, ग्रंथारंभीची व ग्रंथान्तीची पद्ये हा सारा भाग ‘संकेत’ म्हणून बाजूला सारला गेला आहे. तो कवितेचा भाग म्हणून पुन्हा वाचावा. आणि तंजावूरचा अध्याय परिशिष्टातून काढून मुख्य खंडात आणावा, मराठी नाटकांबरोबर तेथील तेलुगू, तमिळ, संस्कृत रचनांसह आणावा. ‘राधिकासांत्वना’ची अवतारिका आपल्या अभ्यासक्रमात असावी आणि ती बहिणाबाईंच्या आत्मपर अभंगांशेजारी शिकवली जावी. भोसल्यांच्या वंशाचा शिलालेख बृहदीश्वराच्या भिंतीवर सुरक्षित आहे. त्याला कोणी कात्री लावू शकत नाही. मुद्दुपळनीने आपल्या घरातील स्त्रियांची नावे कागदावर लिहिली, आणि कागद कापता येतो. ते एकदा घडले आहे. पुन्हा घडू न देणे हे अभ्यासकांचे कर्तव्य आहे.